डोक्यावरचे छप्पर
(मंडळाच्या मे महिन्यातील सभेत केलेले भाषण)



मागच्या सभेत चिटणीसबाईंनी मला सांगितले, की पुढच्या खेपेस तुम्ही बोलायचे. मी म्हटले, बाई, मी सातवी शिकलेली. पापड-कुरडयांवर बोलावे, तर माझ्याहून जाणत्या बायका या मंडळात आहेत. शिवणावर बोलावे, तर माझा धागा अजून सुईत नीट जात नाही. तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमचे छप्पर उडाले होते ना? मग त्यावरच बोला." सगळ्या हसल्या, मीही हसले. पण घरी जाताना मनात आले, की बाईंचे म्हणणे खरे आहे. त्या एका दुपारने मला जेवढे शिकवले, तेवढे शाळेच्या सात वर्षांत शिकले नव्हते. म्हणून आज चार शब्द सांगते. बोलण्यात चूकभूल झाली, तर आपलीच म्हणून सांभाळून घ्या.

आमचे घर सासऱ्यांनी बांधलेले. दगडमातीच्या भिंती, सागाचे वासे, वर मंगलोरी कौले आणि पुढे पडवी. मी लग्न होऊन आले तेव्हापासून दर वर्षी मे महिन्यात कौले चाळून घ्यायची, फुटकी काढायची, नवी बसवायची, हा नेम. पण पुढे पुढे कौले चाळणारा माणूस मिळेना. मिळाला तर दोन दिवस येऊन तिसऱ्या दिवशी गुंग. त्यातून आपल्याकडची माकडे! एक टोळी गेली की दहा-पंधरा कौले सरकलीच म्हणून समजा. मग जुलैत रात्री उठून कुठे पातेले ठेव, कुठे बादली ठेव. माझ्या धाकटीच्या जन्माच्या पावसाळ्यात तर मी पाळणा एका रात्रीत तीनदा हलवला.

मी कंटाळले होते. मग २०१७ साली मीच हट्ट धरला, की कौले काढा आणि पत्रा घाला. निळा, चकचकीत पत्रा. शेजारीपाजारी सगळीकडे तोच झाला होता. आमचे हे नको-हो करीत होते, पण माझ्यापुढे त्यांचे चालले नाही. सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, एवढेच म्हणाल्या, "अगं, कौल गळते, पण घर सोडून जात नाही." मी मनात म्हटले, म्हातारपणी माणसाला जुन्याचाच लळा असतो.

आता एक गोष्ट मी आजही डोळे खाली घालून सांगते. पत्रा घालताना मी वेल्डिंगवाल्याला फक्त दोन प्रश्न विचारले. रंग कोणता, आणि एकूण किती होतील. पत्रा किती जाड, पाईप भिंतीत कशाने धरले, किती अंतरावर स्क्रू मारले, हे मी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. साडी घेताना आपण पदर उलटा करून पाहतो, काठ ओढून पाहतो, रंग जाईल का विचारतो. आणि ज्याच्याखाली लेकरे निजवायची ते छप्पर मी रंग पाहून घेतले.

३ जून २०२० चा दिवस आपण कोणीच विसरलेल्या नाही. 'निसर्ग' चक्रीवादळ त्या दिवशी दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. किनाऱ्यावर वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरांच्या पुढे होता. आपण घाटावर, समुद्र तिकडे खाली, आपल्यापर्यंत कुठला येतो, असे आम्हाला वाटले. पण रायगड ओलांडून ते वादळ आपल्या मावळावरूनच पुढे गेले.

दुपारची जेवणे उरकली होती. वारा असा लागला, की पत्रा खालीवर होऊन वाजायला लागला. जसे कोणी वर उभे राहून परात आपटते आहे. गोठ्यात वासरू ओरडत होते, म्हणून ह्यांनी पश्चिमेचे दार उघडले. दार उघडले मात्र, वारा घरात घुसला आणि एक मोठा कडाका झाला. मान वर करून पाहते तो आभाळ! माजघरावरचा अर्धा पत्रा पाईपांसकट उचलून गेला आणि शेजाऱ्यांच्या भातखाचरात जाऊन पडला. पडवीच्या पत्र्यावर आम्ही दाबून ठेवायला दगड ठेवले होते. त्यांतला एक आत्याबाईंच्या बाजेच्या उशाशी येऊन पडला. त्या त्याच वेळी पाणी प्यायला उठल्या होत्या, म्हणून वाचल्या. मी धाकटीला पोटाशी धरले, आत्याबाईंना हाताला धरले आणि आम्ही जाऊबाईंच्या स्लॅबच्या घरात धावलो. धान्याची कणगी भिजली, मुलांची पुस्तके भिजली, अंथरुणे भिजली. टाळेबंदीचे दिवस, दुकाने नुकती कुठे उघडत होती, ताडपत्रीसुद्धा मिळेना. तो सगळा पावसाळा आम्ही अर्ध्या घरात, ताडपत्रीखाली काढला.

आत्याबाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

त्या पावसाळ्यात मी ठरवले, की आता जे छप्पर घालायचे ते विचारून, पाहून आणि समजून घालायचे. माझा भाचा इंजिनियर आहे. त्याला बसवून घेतले, गावच्या सुतारमामांना विचारले, लोणावळ्यात आणि कामशेतात ज्यांची छपरे टिकली त्यांच्या घरी जाऊन पाहिले. त्यातून जे कळले ते आज तुमच्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट म्हणजे आपला मुलूख ओळखला पाहिजे. लोणावळ्याला वर्षाचा पाऊस सरासरीने चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पडतो. आपल्या जुन्या माणसांच्या भाषेत दीडशे इंचांच्या पुढे. पुण्यात तोच सातशे-साडेसातशे मिलिमीटर. मधे तळेगाव, वडगाव, कामशेत असे जसजसे पश्चिमेला यावे तसतसा पाऊस वाढत जातो. म्हणून पुण्याच्या नातेवाइकांकडे जे छप्पर छान चालते ते आपल्याकडे चालेलच असे नाही. शिवाय आपला पाऊस सरळ पडत नाही. तो पश्चिमेकडून झडीने येतो. आणि एप्रिल-मे महिन्यांत ऊन असे, की दुपारी घरात बसवत नाही. म्हणजे आपल्या छपराला तीन कामे आहेत. पाऊस बाहेर ठेवायचा, ऊन बाहेर ठेवायचे आणि वाऱ्यात जागेवर राहायचे. मी पत्रा घातला तेव्हा पहिल्याच कामाचा विचार केला होता.

भाच्याने सांगितले, की इमारतींचे जे भारतीय मानक आहे त्यात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलेला आहे, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. मुंबईला तो ४४ मीटर. तेव्हा असे वारे येणार हे शहाण्यांनी आधीच लिहून ठेवलेले आहे. आपण ते विचारत नाही, एवढेच.

मग मी त्याला विचारले, "अरे, एवढा जड पत्रा, पाईप, वर दगड, हे सगळे वर कसे गेले? वारा तर आडवा वाहतो." तो म्हणाला, "मावशी, तुझी छत्री वाऱ्यात उलटी होते तेव्हा वारा वरून दाबतो की खालून उचलतो?" आणि मला एकदम उमगले. वारा छपरावरून जोराने जातो तेव्हा तो छपराला वर ओढतो. त्यातच वाऱ्याच्या बाजूचे दार किंवा खिडकी उघडी असली, तर आत शिरलेला वारा खालून ढकलतो. वरून ओढ आणि खालून धक्का, दोन्ही एका वेळी. आमचे पश्चिमेचे दार उघडले तेव्हा हेच झाले. म्हणून वादळाची सूचना आली, की वाऱ्याच्या बाजूची दारे-खिडक्या आधीच कड्या घालून बंद ठेवा आणि गुरेवासरे वारा सुटण्याआधी आत घ्या. आणि पत्र्यावर दगड ठेवणे म्हणजे शत्रूच्या हातात गोफण देणे. दगडाने पत्रा थांबत नाही, वाऱ्याबरोबर दगडच खाली येतो.

आता एकेका सामानाचे सांगते.

आपल्या आजे-सासवांच्या काळी गवताची छपरे होती. थंड, हलकी आणि फुकटची. पण दर वर्षी शाकारणी करावी लागे आणि चुलीची ठिणगी उडाली तर सगळे गेले. आज तेवढे गवत कापायला माणूस नाही, म्हणून त्याचा विचार सोडला.

मग कौले. नळीची कौले कुंभार गावोगाव करीत. मंगलोरी कौलाचे मूळ मंगळूरचे. तिथे बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि एकमेकांत खाच बसणारे हे चपटे कौल सगळीकडे गेले. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८६३ साली, आपल्या बोरघाटातून रेल्वे सुरू झाली होती. लोणावळा-खंडाळ्याचे जुने बंगले पाहा, उतरत्या छपरांवर हीच कौले दिसतील. एक कौल दोन ते तीन किलोचे, आणि एक चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात. म्हणजे एवढ्याशा जागेवर तीस-चाळीस किलो वजन. म्हणून खाली लाकूड किंवा लोखंड दणकट हवे. पण हेच वजन वाऱ्यात उपयोगी पडते. आणि कौल उडाले तरी एक-एक जाते, सगळे छप्पर एकदम जात नाही. सकाळी उठून दहा कौले बसवली की घर पुन्हा झाकते. उन्हाळ्यात कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, म्हणून कौलारू घर थंड. त्याचे दुखणे एकच. त्याला माणसाचा हात लागतो. वर्षातून एकदा कोणीतरी वर जाऊन पाहिलेच पाहिजे.

मग लोखंडी पत्रा. मी पत्र्याला वाईट म्हणणार नाही. त्याची चूक नव्हती, माझी होती. पत्रा हलका, झटपट होणारा, माकडांना दाद न देणारा. आणि गरिबाला परवडणारा. पण तो घेताना जाडी विचारा. हाताने दाबला तर वाकतो असला पातळ पत्रा आपल्या पावसाळ्यात टिकत नाही. जस्ताचा मुलामा किती आहे तेही विचारा. चौरस मीटरला १२० ग्रॅमचाही मुलामा असतो आणि २७५ ग्रॅमचाही. जितका जास्त, तितका गंज उशिरा. दोन पत्रे बाजूने एकमेकांवर चढवताना निदान दीड-दोन नाळ्या चढवाव्या, आणि उतारावर एकाखाली एक घेताना वीतभर तरी. वरच्या पत्र्याची उघडी कड पूर्वेला असावी, म्हणजे पश्चिमेची झड फटीत शिरत नाही. स्क्रू किंवा हुक नाळीच्या उंच भागावर मारावा. खोलगट भागावर मारला तर तिथूनच पाणी वाहते आणि तिथेच गळते. प्रत्येक स्क्रूखाली रबराचा वायसर हवा. मुसळधार पावसात पत्र्याखाली एकमेकींचे बोलणे ऐकू येत नाही, मुलांचा अभ्यास होत नाही, हे तर तुम्हाला माहीतच आहे. आणि थंड सकाळी चूल पेटली की पत्र्याला आतून घाम येतो आणि तो थेंब-थेंब पिठात पडतो. त्यासाठी खाली तट्ट्याचे किंवा फळ्यांचे आच्छादन करावे. उन्हाळ्यासाठी वरून पांढरा रंग किंवा चुना द्यावा. पांढरे छप्पर ऊन परतवून लावते. तेलंगण सरकारने तर २०२३ साली अशा थंड छपरांचे धोरणच काढले. मात्र आपल्याकडे चुना एका पावसात धुऊन जातो, तेव्हा दर वर्षी शिमग्याच्या सुमाराला पुन्हा द्यायला हवा.

तिसरा सिमेंटचा पत्रा. तो लोखंडी पत्र्याहून कमी तापतो आणि कमी वाजतो, म्हणून पुष्कळ घरांवर आणि गोठ्यांवर आहे. पण जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस नावाच्या खनिजाचे तंतू असतात, आणि आजही तसे पत्रे विकले जातात. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की सर्व प्रकारच्या ॲस्बेस्टॉसने कर्करोग होतो. त्याची धूळ श्वासातून फुप्फुसात जाऊन बसते आणि रोग पुष्कळ वर्षांनी डोके वर काढतो. पन्नासाहून अधिक देशांनी त्यावर बंदी घातली आहे, आपल्या देशात विक्रीला बंदी नाही. ज्यांच्या घरावर असा पत्रा आहे त्यांनी घाबरून जाऊ नये. अखंड असेल तर त्याला छेडू नये. तो करवतीने कापू नये, ब्रशाने घासू नये, फोडून तुकडे अंगणात भरावाला टाकू नयेत. काढायचाच झाला तर पाण्याने ओला करून, न फोडता, तोंडाला चांगला मास्क बांधून काढावा. आणि त्याच्यावर पाय देऊन कधीही उभे राहू नये. तो सांगून-सवरून मोडत नाही, एकदम मोडतो. नवा घ्यायचाच असेल तर ॲस्बेस्टॉस नसलेला आहे का, हे विचारून घ्यावे.

चौथा स्लॅब. त्या दिवशी आम्हाला स्लॅबनेच आसरा दिला, ते मी विसरणार नाही. वादळात स्लॅबसारखे भक्कम काही नाही. पण लोणावळ्यात फिरताना जरा मान वर करून पाहा. किती स्लॅबांवर पुन्हा पत्र्याची शेड घातलेली आहे! सपाट छपरावर पाणी साचते, आणि आपला पाऊस चार महिने पाणी वाळू देत नाही. कोबा नीट नसेल, उतार नसेल, तर ओल भिंतीत उतरते आणि बुरशीचा वास येतो. उन्हाळ्यात स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता आत सोडतो. शिवाय आमच्या दगडमातीच्या भिंतींवर स्लॅब चढवता आला नसता. त्यासाठी सगळे घरच नवे बांधावे लागले असते, आणि तेवढा पैसा नव्हता.

असे सगळे पाहिल्यावर, मैत्रिणींनो, मला एक गोष्ट पटली. सामान कोणतेही घ्या, ते वाऱ्यात टिकते ते बांधणीने. पत्रा वाश्याला, वासा भिंतीवरच्या तुळईला, तुळई भिंतीला आणि भिंत पायाला, अशी साखळी धरली पाहिजे. पोलक्याचे एक बटण सैल असले की बाकीच्यांवर ताण येतो, तसेच हे आहे. आमच्या घरी पत्र्याचे स्क्रू टिकले, पण पाईप भिंतीवर नुसते ठेवून वर विटेचा एक थर दिला होता. साखळीची तेवढी एक कडी कच्ची होती, आणि घर तिथून उघडले.

शेवटी आम्ही काय केले ते सांगते. मी बचत गटातून चाळीस हजार कर्ज घेतले, ह्यांनी एक म्हैस विकली, पंचनाम्यानंतर जी मदत आली ती त्यात घातली. २०२१ च्या फेब्रुवारीत काम काढले. भिंतीवर चारी बाजूंनी सिमेंट-सळईचा पट्टा घातला आणि त्यात लोखंडी पट्ट्या सोडून वासे त्यांना बोल्टने आवळले. माजघरावर पुन्हा मंगलोरी कौले घातली. आमची जुनी कौले मागच्या अंगणात रचून ठेवली होती. निम्म्याहून अधिक चांगली निघाली. प्रत्येक कौल बोटाने वाजवून घेतले. खणखणीत वाजले ते ठेवले, बद्द वाजले ते बाजूला. उतार पाच हात आडवे तर तीन हात उभे असा घेतला. फार सपाट छप्पर वारा उचलतो आणि पाणीही आत सोडतो. दोन पाख्यांऐवजी चार पाखी केली, कारण चारी बाजूंनी उतार असला की वाऱ्याला आपटायला उभी भिंत मिळत नाही. वाऱ्याची ओढ सगळ्यांत जास्त असते ती कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्याला. म्हणून खालच्या दोन ओळी, कोपऱ्यांवरची कौले आणि आढ्यावरची कौले तारेने बांधली किंवा सिमेंटात बसवली.

पडवीवर पत्राच घातला, पण जाड आणि नीट आवळलेला. पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून सुटे ठेवले. पडवीला खालून वारा लागतो, ती आधी जाते. ती जोडलेली असली तर जाताना घराचे छप्परही बरोबर नेते. गेली तर एकटी जावी. आणि घरावर झुकलेल्या आंब्याची फांदी उतरवली. त्याने माकडांची वाटही तुटली.

एकदा सुतारमामांना मी विचारले, की लाकूड घालू का लोखंड? ते म्हणाले, "कार्ल्याला एकवीरेला जातेस ना? मग लेण्यात डोके वर करून बघत जा." खरेच, पुढच्या खेपेला पाहिले. दगडाच्या त्या कमानदार छताला लाकडाच्या फासळ्या आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. बाहेर आपला एवढा पाऊस, पण आतले लाकूड कोरडे राहिले म्हणून टिकले. सुतारमामा म्हणाले, "लाकडाला वारा लागू दे, त्याच्यावर ओल कोंडू देऊ नकोस, मग ते तुझ्या नातवांनाही पुरेल." म्हणून आम्ही वाश्यांची टोके भिंतीत चिणून न टाकता हवा लागेल अशी मोकळी ठेवली.

त्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' वादळ किनाऱ्याजवळून गेले. आपल्याकडे रात्रभर वारा होता. मी जागीच होते. आत्याबाई मात्र घोरत होत्या. सकाळी पाहिले तर तीन कौले सरकली होती. ह्यांनी चहा व्हायच्या आत ती बसवली. आत्याबाई वर बघून म्हणाल्या, "आता माझ्या घराचे डोके जागेवर आले." एवढ्या बोलण्याने माझ्या मनावरचा भार उतरला.

याचा अर्थ सगळ्यांनी कौलेच घालावी असा मी मुळीच घेत नाही. ज्याच्या भिंती जशा, ज्याची ऐपत जशी, तसे छप्पर. मात्र कामाला सुरुवात होण्यापूर्वी कारागिराला पाच प्रश्न विचारा. एक, हे भिंतीला कशाने धरले आहे, ते मला बोटाने दाखवा. दोन, कडांना आणि कोपऱ्यांना काय जास्तीचे केले आहे? तीन, पश्चिमेची झड कुठून आत येईल? चार, मे महिन्यात दुपारी खाली कसे वाटेल? पाच, एक तुकडा बिघडला तर तो कोण आणि कसा बदलील? उत्तर देताना माणूस चिडला तर समजा, की त्याच्याजवळ उत्तर नाही.

कोणी म्हणेल, हे पुरुषांचे काम. पण बायांनो, छपराखाली दिवसभर कोण असते? गळती कोणाच्या अंथरुणावर होते? घाम कोणाच्या पिठात पडतो? सरकारच्या घरकुल योजनेतही घर बाईच्या नावे किंवा दोघांच्या नावे करावे, असे म्हटले आहे. नाव आपले असेल तर प्रश्नही आपणच विचारायला हवेत.

शेवटी मंडळापुढे एक सूचना मांडते. दर वर्षी पंधरा मेच्या आत आपण चौघी-चौघींचे गट करावे आणि आपल्या भागातली सगळी छपरे खालूनच, जमिनीवरून, पाहून यावी. वर चढायचे ते जाणत्या माणसाने, कोरड्या दिवशी, कमरेला दोर बांधून. आपण फक्त पाहायचे. कुठे दगड ठेवले आहेत, कुठे पत्रा वाजतो आहे, कुठे फांदी टेकली आहे. विशेषतः ज्या म्हाताऱ्या बाया एकट्या राहतात, त्यांच्या घरी आधी जायचे. मंडळाच्या फंडातून एक मोठी ताडपत्री, दोरखंड आणि पन्नास कौले आणून ठेवली, तर त्या दिवशी माझ्यासारखी कोणी आभाळाकडे पाहत उभी राहणार नाही. पहिली पन्नास कौले आमच्या अंगणातली घ्या. ती मी आजच देऊन टाकते.